दीड नॅनोमीटर काच

सुदुंबऱ्याहून इंदोरीला जाऊन इंद्रायणी ओलांडली की तळेगाव दाभाडे लागतं. तिथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून निधी जमवला, लोकमान्यांनी त्या कामाला पाठबळ दिलं आणि परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टी सांभाळली. कारखान्याचा मोठेपणा त्याच्या नफ्यात नव्हता. काच करता येणारी माणसं तिथे तयार झाली, हा त्याचा मोठेपणा.

त्याच १९०८ च्या जुलैमध्ये हॉलंडमधल्या लायडनला हाइके कामरलिंग ओनेस यांनी हेलियम वायू पहिल्यांदा द्रवरूपात आणला. ओनेस यांच्या प्रयोगशाळेला जोडून काचफुंके आणि यंत्रकारागीर घडवणारी एक शाळा होती. त्या कारागिरांनी फुंकलेल्या काचेच्या भांड्यांशिवाय तो थेंब कुणाला दिसलाच नसता. तीन वर्षांनी, १९११ मध्ये, त्याच थंडीत ओनेस यांनी पाऱ्याची तार तपासली आणि ४.२ केल्विनला, म्हणजे साधारण उणे २६९ अंश सेल्सिअसला, तिचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. सोनं आणि प्लॅटिनम हाताशी असताना त्यांनी पारा का घेतला? पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून हवा तितका शुद्ध करता येत होता, सोनं तितकं शुद्ध करता येत नव्हतं. अतिसंवाहकतेचा शोध शुद्ध माल मिळवण्याच्या खटपटीतून लागला, हे पाठ्यपुस्तकात कुठेतरी एका ओळीत येतं. माझ्या लेखी ती ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

क्वांटम संगणक म्हटलं की लोक गणिताकडे वळतात. एकाच वेळी शून्य आणि एक, गुंतलेले कण, क्षणात फुटणारी सांकेतिक कुलुपं. मराठीत या विषयावर जे थोडं लिहिलं गेलं, तेही बहुतेक याच बाजूने. प्रस्तुत पुस्तक मात्र पहिल्या पानापासून विचारतं की हे यंत्र कशाचं बनवायचं, आणि ज्याचं बनवतो ते आपल्याला दगा का देतं. म्हणूनच लेखिकेने प्रस्तावना मागितली तेव्हा मी होकार दिला. मी भौतिकीचा प्राध्यापक नाही. चाकण पट्ट्यात चौतीस वर्षं धातूंवर मुलामा चढवण्याचं काम केलं आणि आता सुदुंबऱ्यात राहतो. पण या पुस्तकातलं दुखणं माझ्या ओळखीचं निघालं.

एक प्रसंग सांगतो. एकदा आमच्या लाइनवरून गेलेल्या एका लॉटच्या ब्रॅकेटांवरचा झिंकचा थर दोन दिवसांनी पोपड्यासारखा उठला. बाथ तपासला, करंट तपासला, पत्रा तपासला, सगळं बरोबर. शेवटी भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक पोपडा साधारण अंगठ्याएवढा आणि एकाच जागी. पिकलिंगनंतर एक नवा मुलगा हातमोजे न घालता जॉब रॅकला अडकवत होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं. बोटाच्या तेलाचा तो थर किती जाड असेल? डोळ्याला दिसत नाही इतका. लॉट परत आला तो त्या थरामुळे. धातू ठीक होता, मुलामा ठीक होता, बिघाड दोघांच्या मधल्या जागेत होता. क्वांटम संगणकाच्या साहित्याचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास हा त्या मधल्या जागेचा इतिहास आहे.

सध्या सर्वांत पुढे गेलेल्या पंथांपैकी एक अतिसंवाहक मंडलांचा. त्यातला क्यूबिट, क्वांटम गणिताचा मूळ घटक, म्हणजे चिपवर कोरलेलं एक छोटं विद्युत मंडल. सेकंदाला साधारण पाच अब्ज वेळा हेलकावे घेणारा झोकाच म्हणा ना. झोक्यात ऊर्जा टिकून आहे तोवर गणित चालतं, ती गळाली की गणित संपलं. ऊर्जा दहा हजारांश सेकंद टिकली तर झोका पाच लाख हेलकावे घेऊन थांबतो. आपल्याला हा काळ अगदी क्षुल्लक वाटेल, पण देवळातली कोणतीही घंटा एका टोल्यावर पाच लाख कंपनं टिकवत नाही. हे मंडल १० ते २० मिलिकेल्विनला, आकाशगंगांमधल्या पोकळीपेक्षा शंभरपटींहून अधिक थंडीत ठेवावं लागतं, कारण त्याहून जास्त उष्णता असेल तर झोका आपोआप हलू लागतो. इतकी थंडी देणाऱ्या शीतकातल्या तांब्याच्या चकत्यांवर सोन्याचा मुलामा असतो. एरवी आम्ही सोन्याखाली निकेलचा थर देतो. इथे तो टाळतात, कारण निकेल चुंबकीय आहे आणि चुंबकत्व क्यूबिटाच्या शेजारी चालत नाही.

मंडलाचा जीव असतो जोसेफसन जोडात. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कागदावर दाखवलं की दोन अतिसंवाहकांच्या मध्ये अगदी पातळ विद्युतरोधक थर ठेवला तरी त्यातून प्रवाह रोधाविना पार जाईल. आज हा जोड कसा करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. निर्वात कक्षात चिप तिरकी धरून तिच्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवतात. मग कक्षात मोजून थोडा ऑक्सिजन सोडतात आणि काही मिनिटं थांबतात. ॲल्युमिनियमच्या पृष्ठावर ऑक्साइडची साय धरते, एक ते दोन नॅनोमीटर, म्हणजे मोजक्या अणूंच्या जाडीची. ऑक्सिजन काढून घेऊन चिप दुसऱ्या बाजूला कलती करतात आणि वर ॲल्युमिनियमचा दुसरा थर देतात. झाला जोड. त्या सायीची जाडी एका अणुथराने इकडेतिकडे झाली तर पार जाणारा प्रवाह कितीतरी पटींनी बदलतो. शेजारशेजारचे दोन जोड एकाच कक्षात, एकाच दिवशी केले तरी तंतोतंत सारखे येत नाहीत, आणि आज मोजलेला रोध काही दिवसांनी सरकलेला असतो. आयबीएमच्या लोकांनी तयार जोडांवर लेझर मारून त्यांना एकेक करून सुरात आणायची रीत काढली. तंबोऱ्याच्या तारेखाली जव्हारीचा दोरा सरकवण्यासारखंच ते काम, हाताऐवजी उजेडाने केलेलं.

ही साय अस्फटिकी असते. अणू रांगेत न बसता जसे सापडले तसे गोठलेले, म्हणजेच काच. चिप ज्या नीलमाच्या तबकडीवर बनवतात, तोही ॲल्युमिनियम ऑक्साइडच, पण स्फटिकी, प्रत्येक अणू आपापल्या जागी. घटक तेच. नीलम शांत असतो, साय गोंगाट करते. हे मला कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

काच थंडीत गप्प बसत नाही, हे १९७१ मध्ये झेलर आणि पोल यांच्या मोजमापांतून स्पष्ट झालं. एक केल्विनच्या खाली स्फटिकाची उष्णताधारणा झपाट्याने घसरते, काचेची मात्र हट्टाने मागे राहते. पुढच्याच वर्षी अँडरसन, हाल्पेरिन आणि चंद्र वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे केंब्रिजच्या फिलिप्स यांनी, त्याचं कारण मांडलं. काचेत काही अणूंना किंवा अणूंच्या गटांना बसायला जवळजवळ सारख्याच सोयीच्या दोन जागा असतात. उष्णता संपली तरी ते क्वांटम बोगद्यातून या जागेतून त्या जागेत जात-येत राहतात. त्यांना द्विस्तरी दोष म्हणतात. तेव्हा हा विषय तज्ज्ञांच्या कुतूहलापुरता होता. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी, २००५ मध्ये, जॉन मार्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की क्यूबिटची ऊर्जा प्रामुख्याने मंडलातल्या अस्फटिकी रोधक थरांत गळते, तिथल्या द्विस्तरी दोषांमुळे. क्यूबिट सांडतो, ते दोष पितात.

तिथून पुढचा मार्ग साहित्याचा आहे. १९९९ मध्ये नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी जपानच्या एनईसीमध्ये पहिला अतिसंवाहक क्यूबिट चालवला, तेव्हा तो काही नॅनोसेकंद टिकला. २००७ मध्ये येलच्या गटाने ट्रान्समॉन ही नवी रचना मांडली आणि विद्युतभाराचा एक मोठा गोंगाट मिटवला. रचना सुधारली तशी साहित्याची पाळी आली. कुठे काच आहे ते शोधा आणि ती काढा, काढता येत नसेल तर जिथे विद्युतक्षेत्र जोरात असतं तिथून दूर ठेवा. नायोबियमला हवेत एकाहून अधिक प्रकारचे ऑक्साइड धरतात. २०२१ मध्ये प्रिन्स्टनच्या नॅथली डी लिऑन आणि अँड्र्यू हाऊक यांच्या गटाने नायोबियमच्या जागी टँटलम घेतला, आणि क्यूबिट ०.३ मिलिसेकंदांच्या पुढे गेला. कारण वाचून मला हसूच आलं, आनंदाचं. टँटलमचा ऑक्साइड पातळ, एकजिनसी आणि टिकाऊ असतो, त्यामुळे त्याला कडक ॲसिडात बुडवून स्वच्छ धुता येतं. ॲल्युमिनियमला तसं धुवायला गेलं तर ते विरघळून जाईल. आम्ही टाकीवर उभे राहून जे करत आलो, तेच. २०२५ मध्ये त्यांनी नीलमाऐवजी उच्च रोधाचं सिलिकन आधाराला घेतलं आणि एक मिलिसेकंदाची सीमा ओलांडली. सव्वीस वर्षांत काळ काही लाखपट वाढला, त्यातला मोठा वाटा धातू, आधार आणि स्वच्छता यांचा.

एक गोष्ट इथे जरा आडवाटेची आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्या धर्तीच्या वेधशाळांतल्या आरशांवर सिलिका आणि टँटलम ऑक्साइड यांचे अस्फटिकी थर असतात, आणि त्यांच्या अचूकतेला आडवी येणारी एक मोठी बाब म्हणजे त्या थरांतली औष्णिक थरथर. तिचा उगमही अशाच द्विस्थितीच्या अणूंमध्ये आहे. केंद्र सरकारने लायगो-इंडिया आणि राष्ट्रीय क्वांटम मिशन या दोन्हींना एप्रिल २०२३ मध्येच मंजुरी दिली. दोघांचा वैरी एकच, हे मंजुरीच्या कागदात लिहिलेलं नसेल, पण काच ज्याला कळली, तो दोन्हीकडे उपयोगी पडेल.

बाकीचे पंथ थोडक्यात. विद्युतसापळ्यात एकेक आयन तरंगत ठेवणारे म्हणतात, आमचे अणू निसर्गाने घडवलेले, सगळे एकसारखे, आम्हाला साहित्याची कटकट नाही. पण सापळ्याला सोन्याचे विद्युतअग्र लागतात, त्यांच्या पृष्ठावर कार्बनी मळ बसतो, आणि आयन कारण दिसत नसताना तापू लागतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या संशोधकांनी आरगॉनच्या झोताने ते पृष्ठ साफ केलं तर तापणं सुमारे शंभरपट कमी झालं. सिलिकनमधल्या फॉस्फरसच्या अणुकेंद्राचा स्पिन वापरावा ही कल्पना ब्रूस केन यांनी १९९८ मध्ये मांडली. निसर्गात सापडणाऱ्या सिलिकनमधल्या दर शंभर अणूंत पाचेक अणू सिलिकन-२९ चे असतात आणि त्यांची स्वतःची चुंबकीय कुरबुर चालू असते, म्हणून त्यांना वेगळं काढून सिलिकन-२८ वापरतात. किलोग्रॅमच्या नव्या व्याख्येसाठी जे चकचकीत गोळे बनवले गेले, त्यांच्याच जातीचा हा माल. हिऱ्यात नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा मिळून खोलीच्या तापमानालाही काम करणारा क्यूबिट बनतो. आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गट अशा हिऱ्यांवर काम करतो. पुण्यात आयसरमध्ये टी. एस. महेश आणि त्यांचे विद्यार्थी चुंबकीय अनुस्पंदनाने द्रवातल्या रेणूंनाच क्यूबिट मानून प्रयोग करतात. तिथे निर्मितीचा प्रश्न रसायनशास्त्राने आधीच सोडवलेला असतो, पण क्यूबिट वाढवत गेलं की संदेश विरळ होत जातो. प्रकाशकणांच्या पंथाला या पुस्तकात कमी जागा मिळाली आहे, आणि तिथली अडचण मुख्यतः वाटेत हरवणाऱ्या कणांची असल्यामुळे ते मला मान्य आहे.

मायोराना पंथाबाबत लेखिका माझ्यापेक्षा अधिक आशावादी आहेत. अर्धसंवाहक तारेच्या टोकांशी असा एक क्यूबिट मिळेल की ज्याला बाहेरचा गोंगाट लागणारच नाही, ही कल्पना सुंदर आहे. पण २०१८ मध्ये गाजलेला डेल्फ्टचा शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. अस्वच्छ नमुन्यातले साधे दोषसुद्धा हुबेहूब तसाच संकेत देऊ शकतात. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये जी चिप जाहीर केली, तिच्यावरचा वादही मिटलेला नाही. लेखिकेने दोन्ही बाजू मांडल्या आहेत. मला इतकंच म्हणायचं आहे की तार स्वच्छ झाल्याशिवाय तिच्यात काय दिसलं यावर बोलू नये.

आता आपल्याकडचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलाब्याला, आर. विजयराघवन यांच्या प्रयोगशाळेत अतिसंवाहक क्यूबिट आपल्या हाताने बनवले जातात. विजयराघवन यांनी येलमध्ये मिशेल डेव्होरे यांच्याकडे संशोधन केलं. त्याच डेव्होरे यांना जॉन क्लार्क आणि मार्टिनिस यांच्याबरोबर २०२५ चं भौतिकीचं नोबेल मिळालं. ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याची ही संस्था आणि पुण्याची डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांचा प्रक्रियक सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दाखवला, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या सहभागाने. क्यूबिट कुलाब्यात घडले, त्यांना चालवणारी यंत्रणा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जुळवली. जगात शंभरांहून अधिक क्यूबिटांच्या चिपा आहेत, मग सहाचं काय कौतुक, असं मला एकाने विचारलं. जोड आपल्या कक्षात, आपल्या माणसांनी केला, हे कौतुक. ज्याने साय धरताना पाहिली, त्याच्या हातात पुढचं आहे.

याच संस्थेचा एक जुना धागा इथे परत वर येतो. २०२० मध्ये असं दिसलं की भिंतींतला नैसर्गिक किरणोत्सर्ग आणि वैश्विक किरण आधारपट्टीत ऊर्जा सोडतात आणि क्यूबिटाला ढवळतात. एकच किरण चिपवरच्या अनेक क्यूबिटांना एकदम चुका करायला लावू शकतो, आणि चुका दुरुस्त करण्याच्या रीतींना नेमकं हेच सोसत नाही. शिशाच्या भिंती उभारून आणि इटलीतल्या ग्रान सास्सो पर्वताखाली नेऊन चिपा तपासल्या गेल्या. वैश्विक किरण टाळायला जमिनीखाली जाणं कुलाब्याच्या शास्त्रज्ञांना नवं नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरून १९६५ मध्ये त्यांनी वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते.

राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर आहेत आणि आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटांचा पल्ला ठरला आहे. मिशनच्या चार केंद्रांपैकी एक, दिल्लीच्या आयआयटीतलं, खास साहित्य आणि उपकरणांसाठी आहे. हे योग्य झालं. पण केंद्राला माणसं लागतील, आणि ती सगळी भौतिकीतून येणार नाहीत. निर्वात पंपाचं तेल कधी बदलायचं ते ओळखणारा, ॲसिडाच्या टाकीचा रंग पाहून सांगणारा, झिरपणारा सांधा शोधणारा असा माणूस त्यात हवा. तळेगावात सेमीकंडक्टरचा मोठा प्रकल्प येणार म्हणून २०२२ मध्ये मावळातली पोरं आशा लावून बसली होती. तो प्रकल्प गुजरातला जाहीर झाला. त्या पोरांतल्या निदान चार जणांच्या हातात हे पुस्तक पडावं, अशी माझी इच्छा आहे, कारण या क्षेत्रात शिरायची एक वाट धातुशास्त्राच्या पदविकेतून, अगदी आयटीआयमधूनही जाते.

पुस्तकाच्या भाषेबद्दल थोडं. मराठीत पदार्थविज्ञान हा शब्द आपण पिढ्यानपिढ्या भौतिकीसाठी वापरला, त्यामुळे धातू, काच आणि चिनीमातीच्या शास्त्राला तो द्यायला गेलं की वाचक गोंधळतो. लेखिकेने साहित्यशास्त्र हा शब्द टाळला, कारण तिथे काव्याचं शास्त्र लिहिणारे मम्मट आणि विश्वनाथ आधीच बसलेले आहेत. त्यांनी द्रव्यविज्ञान निवडला. मला तो थोडा सोवळा वाटतो. कारखान्यात आम्ही सरळ मटेरियल म्हणतो आणि कुणाचं अडत नाही. मात्र अस्फटिकी, साय, मधली जागा हे शब्द त्यांनी जिथे वापरले आहेत तिथे मराठी खरोखर कामाला लागली आहे. इंटरफेस म्हणण्यापेक्षा मधली जागा म्हटलं की बोट नेमकं तिथे जातं.

पुस्तक क्यूबिटांच्या जातींनुसार मांडलेलं नाही, दोषांनुसार मांडलेलं आहे. पृष्ठ, आधार, जोड, अशुद्धी, किरणोत्सर्ग. नवख्या वाचकाला सुरुवातीला हे अवघड जाईल, पण त्यामुळे एका पंथाचा धडा दुसऱ्याला कसा लागू पडतो ते दिसतं. गणित जिथे हवं तिथेच आहे. ज्याला ते झेपत नाही त्याने समीकरण ओलांडून पुढे जावं, आकृत्या मात्र ओलांडू नयेत. जोडाच्या छेदाची आकृती लेखिकेने स्वतः काढली आहे आणि तिच्यातला प्रत्येक थर प्रमाणात आहे.

शुद्धतेची महती सुदुंबऱ्याला वेगळी सांगायला नको. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी महाराज जगनाडे यांची समाधी इथे आहे, आणि संताजी तेली होते. घाण्याचं तेल गाळून झालं तरी ते दोन-तीन दिवस न हलवता ठेवतात, गाळ बसू देतात, मग वरचं हलक्या हाताने काढतात. क्यूबिटासाठीचा धातू ९९.९९९ टक्के शुद्ध आणता येतो, तो प्रश्न बराचसा सुटला आहे. न सुटलेला प्रश्न दीड नॅनोमीटरचा आहे. त्या सायीत दोन जागांमध्ये जा-ये करणारा तो नेमका कोण? हायड्रोजनचा सुटा अणू, पाण्यातून आलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा तुकडा, की ॲल्युमिनियमच्या शेजारी नीट न बसलेला ऑक्सिजन? प्रत्येकाच्या बाजूने पुरावे आहेत, आणि १९७२ पासून आजवर कुणालाही त्याच्यावर बोट ठेवता आलेलं नाही. या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण त्याच्या शोधाचं आहे. वाचायला तिथूनच सुरुवात करावी.

सुदुंबरे, ता. मावळ